गरम बाजू कोनती?

तुळशीरामभाऊ कुणाच्याही घरात शिरले की आधी वर पाहतात. माणसांकडे पाहायची वेळ नंतर येते, कधीकधी येतच नाही. दारात चपला काढायच्या, उंबरा ओलांडायचा आणि मान मागे टाकून आढं, वासे, पत्रे, माळा असं सगळं डावीकडून उजवीकडे वाचून काढायचं. बारशाला गेले तरी तेच, मयतीला गेले तरी तेच. आमच्या आळीत एका घरी साखरपुडा होता. नवऱ्यामुलाच्या वडिलांनी भाऊंना पाहून अदबीनं हात जोडले. भाऊ छताकडे बघत त्यांना म्हणाले, "तुमच्या इथून पानी येते." ते बिचारे पाहुणे, सकाळीच गाडीतून उतरलेले. घर त्यांचं नव्हतंच. पण भाऊंनी इतक्या खात्रीनं सांगितलं की तेही हात जोडलेल्या अवस्थेत वर बघू लागले.

कुरखेड्याला शाळेत नोकरी लागली म्हणून मी इथे भाड्यानं राहायला आले. मूळची मी साताऱ्याकडची, लग्नानं चंद्रपूरची. नवऱ्याची नोकरी चंद्रपूरला, माझी इथे, आणि मध्ये अर्धा दिवस खाणारा बसचा प्रवास. मी सातवीला विज्ञान शिकवते. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे या विज्ञानाची बरीच शोभा होणार आहे.

माझ्या शेजारचं घर तुळशीरामभाऊंचं. मी आले त्या दिवशी भांडी लावत होते, तेव्हा ते न बोलावता आत आले आणि वर पाहू लागले.

"टिन जुनं हाये," ते म्हणाले. पत्र्याला इकडे टिन म्हणतात.

"बसा ना भाऊ. चहा टाकते."

"ते अलग हाये," म्हणाले आणि निघून गेले.

काय अलग आहे, याचा मी दोन दिवस विचार केला. चहा? बसणं? की माझं घर? पुढे कळलं की 'ते अलग हाये' हे भाऊंचं कुठल्याही प्रश्नाला चालणारं उत्तर होतं. पाऊस येईल का, भाऊ? ते अलग हाये. मुलगी दिवाळीला येणार का? ते अलग हाये. आश्चर्य म्हणजे हे उत्तर ऐकून माणसं गप्प बसत. त्यांना वाटे, भाऊंनी काहीतरी खोल सांगितलं, आपल्यालाच समजलं नाही.

दुसरा गोंधळ त्यांच्या नोकरीचा. "पस्तीस वर्सं आरामशीनवर होतो," असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी मनात म्हटलं, असं कुठलं यंत्र असेल की ज्यावर माणूस पस्तीस वर्षं आराम करतो? विचारायची लाज वाटली. महिन्याभरानं उलगडा झाला की लाकूड चिरायच्या आऱ्याच्या मशीनला इकडे आरामशीन म्हणतात. सागाचे ओंडके दिवसभर किंचाळत चिरले जायचे आणि भाऊ त्यांच्या शेजारी उभे. अजूनही ते कुणालाही दोन्ही पंजे पसरून दाखवतात. "दहाच्या दहा हायेत. त्या कामात कोनाचे राह्यत नाई."

त्यांच्या बायकोचं नाव अनसूयाबाई. ठेंगण्या, चपळ, आणि आळीतली सगळी बित्तंबातमी असलेल्या. त्यांचं माहेर एटापल्लीकडचं. नवऱ्याच्या छप्परवेडाबद्दल त्यांचं मत एका वाक्यात होतं, "वर पाह्यतात म्हनून खाली भांडन होत नाई."

आता मूळ गोष्टीकडे येते.

भाऊंच्या घराला फळ्यांचा माळा आहे आणि माळ्यावर टिनाचं छप्पर. उन्हाळ्यात टिन तापतं, माळा तापतो, आणि दुपारी खालच्या खोलीत भाकरी चुलीशिवाय भाजेल की काय असं वाटतं. लोक यावर सोपा उपाय करतात. टिनाला वरून पांढरा चुना फासतात, किंवा त्यावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पसरतात. भाऊंनी ठरवलं की आपण माळाच भरून काढायचा.

ही कल्पना मोबाईलमधली. नागपूरच्या मुलीनं त्यांना मोबाईल दिला होता आणि भाऊ त्यावर परदेशातली घरं बघायचे. गोरी माणसं अंगभर पांढरा पोशाख घालून माळ्यावर रांगत जातात आणि सगळीकडे गुलाबी कापूस अंथरतात. भाऊ हे तासन्‌तास बघत, तेही आवाज पूर्ण बंद करून. मला वाटे, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. किती समंजस माणूस!

गुलाबी कापूस कुरखेड्यात मिळत नाही, पण धानाची तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, हवी तेवढी मिळते. तणशीनं माळा भरायचा हे पक्कं झालं. तेवढ्यात हार्डवेअरच्या दुकानदारानं घोळ घातला. तो म्हणाला, नुसती तणीस भरू नका, ओल धरते. तिला प्लास्टिकची पन्नी लावा. आणि पन्नी नेहमी गरम बाजूला लावायची असते.

झालं. त्या दिवसापासून भाऊंनी सगळ्या गावाला एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"गरम बाजू कोनती?"

पोस्टातले बाबू म्हणाले, "वरची. ऊन वरून येते ना." गुरांचे डॉक्टर म्हणाले, "खालची. जिथं जीव राह्यते ते गरम." पिठाच्या गिरणीवाल्यानं सांगितलं की थंडीत खालची आणि उन्हाळ्यात वरची, तेव्हा पन्नी दर सहा महिन्यांनी काढून उलटी लावावी. भाऊ प्रत्येकाचं मान हलवत ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला पुन्हा विचारत, "पन गरम बाजू कोनती?"

माझ्याकडे आले तेव्हा मी उत्साहानं थंडगार पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला त्यांच्या पुढ्यात ठेवला. पेल्याला बाहेरून पाण्याचे थेंब आले. मी समजावलं, "हे पाणी पेल्यातून झिरपलेलं नाही. हवेतली वाफ गार भांड्याला लागली की तिचं पाणी होतं. तुमच्या माळ्यावर तेच होणार. वाफ कुठून येते आणि कुठे गार होते, ते आधी बघायला हवं." भाऊंनी पेल्याला बोट लावलं, थेंब चाखला, "बराबर," म्हणाले. मला धन्य वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर कुंपणाशी उभे.

"मॅडम, गरम बाजू कोनती?"

खरं सांगायचं तर तोपर्यंत मलाही नक्की सांगता येत नव्हतं. मे महिन्यात छप्पर गरम, पौषातल्या पहाटे घर गरम आणि छप्पर गार, पावसाळ्यात तर बाहेर ओल, आत ओल, मध्येही ओल. शिक्षकांच्या खोलीत मी हा प्रश्न टाकला तेव्हा एक तास वाया गेला आणि दोन सहकाऱ्यांचं बोलणं बंद झालं.

शेवटी भाऊंनी स्वतःच निकाल लावला. तणशीच्या खाली एक पन्नी आणि वर एक पन्नी.

"दोनी बाजू गरम समजल्या," ते म्हणाले, "मंग भांडनच नाई."

एवढ्यावर थांबले असते तरी बरं. छप्पर भिंतीला मिळतं तिथे वळचणीला जी भोकं असतात, तीही त्यांनी जुन्या लुगड्यांच्या चिंध्या कोंबून बुजवली. हवा घुसाले नाई पायजे, असं त्यांचं म्हणणं. माळा अगदी डबाबंद झाला.

मे महिना मजेत गेला. खोली खरोखर गार झाली होती. भाऊ रस्त्यावरच्या माणसांना धरून आणत, खोलीत उभं करत आणि स्वतः वर पाहत. शेजारचे एक काका म्हणाले, "तुळशीराम, एवढ्या खटपटीपरीस चुना मारला असता तं काम झालं असतं." भाऊ हसून म्हणाले, "ते अलग हाये."

मग पावसाळा आला, स्थिरावला, आणि भर श्रावणात एक विचित्र प्रकार सुरू झाला. पाऊस नसला की भाऊंचं घर गळू लागलं.

पाऊस पडतो आहे, घर कोरडं. पाऊस थांबला, सकाळचं कोवळं ऊन आलं, की माळ्याच्या फळ्यांमधून टप टप. अनसूयाबाई परात घेऊन खोलीभर फिरत. भाऊ छपरावर चढले, भोक शोधलं, सापडलं नाही, तरी डांबर फासलं. दुसऱ्या दिवशी परत टप टप. परत डांबर. तिसऱ्या वेळी तर डांबर संपलं आणि आळीतल्या लोकांनी निरनिराळी मतं दिली. कुणी म्हणालं माकडं मुततात. कुणी म्हणालं घराला बाधा आहे. घरात बुरशीचा कुबट वास येऊ लागला आणि अनसूयाबाईंना खोकला लागला.

एका रविवारी मी शिडी लावून भाऊंबरोबर माळ्यावर गेले. वाकून, जवळजवळ रांगतच. बॅटरी मारली तर टिनाच्या आतल्या अंगाला सगळीकडे पाण्याचे टपोरे थेंब लोंबत होते. ते वरच्या पन्नीवर पडत होते, फटीतून तणशीत मुरत होते आणि खालच्या पन्नीवर साचत होते. तणीस काळी पडली होती. तिच्यात हात घातला तर उकिरड्यासारखी ऊब लागली. कोपऱ्यात पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या. भाऊंच्या सागाच्या फळ्यांवर बुरशीची नक्षी उमटली होती. भाऊंनी एका फळीवर बोटांच्या पेरांनी ठकठक केली, तिला हात लावून पाहिलं, आणि हात सदऱ्याला पुसला. सागाची ती अवस्था त्यांना बघवेना.

मला एकदम सगळं दिसलं. खाली चूल, चुलीवर भात, बाजूला आंघोळीच्या पाण्याचा हंडा. सगळी वाफ फळ्यांच्या आणि पन्नीच्या फटीतून वर येत होती आणि बाहेर जायची वाट चिंध्यांनी बंद केलेली होती.

"भाऊ, हे पावसाचं पाणी नाही," मी म्हटलं. "हे तुमच्याच घरातलं आहे. चुलीवरची वाफ वर येते आणि अडकून बसते. डांबर लावून काही होणार नाही."

भाऊ माझ्याकडे बघून हसले. "हो," म्हणाले. "माहं झालं. तुमचं झालं का जेवन?"

माझा तोल गेला. "अहो, तुम्ही कुणाचं ऐकतच नाही! मग विचारता कशाला सगळ्या गावाला?" असं ओरडून मी शिडीवरून खाली उतरले. गुडघे खरचटले ते वेगळंच.

मागच्या दारी अनसूयाबाई भांडी घासत होत्या. त्यांनी राखेचे हात धुतले, माळ्याकडे एकदा पाहिलं आणि माझ्या जवळ आल्या.

"मॅडम, रागावू नोका. त्याइले ऐकू येत नाई."

"काय?"

"आरामशीननं कान नेले. धा-बारा वर्सं झाले आता. सामोर उभं राहून, चूपचाप जागी बोललं तं समजते. तोंड पाहून वळखतात. म्हनून मले काई सांगाचं असलं तं मी हातातलं काम ठेवतो आन सामोर जाऊन उभी राह्यतो. तुमी अंधारात बोलल्या, त्याइले कसं कळन?"

"मग तुम्ही कधी विषय काढला नाही त्यांच्याकडे?"

"कायले?" त्या म्हणाल्या. "त्याइले वाटते का कोनाले मालूम नाई. मानूस आपला लाजते. असू द्या ना. आन तुमी बी बोलू नोका, का मी सांगतलं म्हनून."

मी घरी आले आणि पलंगावर बसून राहिले. पोस्टातले बाबू, गुरांचे डॉक्टर, गिरणीवाला, मी आणि माझा पेला. गावातल्या निम्म्या लोकांनी या माणसाला उत्तर दिलं होतं आणि त्याला एकही ऐकू आलं नव्हतं. आणि मी वर्गात मुलांना सांगते की शंका असली तर पुन्हा पुन्हा विचारा.

मी वहीतला कागद फाडला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं:

'भाऊ, आपल्याकडे गरम बाजू बदलत राहते. उन्हाळ्यात वरची, थंडीत खालची, पावसाळ्यात दोन्हीकडे ओल. म्हणून पन्नी कुठेच नको. वळचणीची भोकं उघडी करा. टिनाच्या खाली वीतभर मोकळी जागा ठेवा, म्हणजे हवा फिरेल. चुलीची वाफ माळ्यावर न जाता सरळ बाहेर जाऊ द्या.'

भाऊंनी तो कागद अंगणात उभ्यानं वाचला. ओठ हलवत, दोनदा. मग चार घड्या घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि जरा चिडूनच म्हणाले, "एवढं सोपं होतं तं कोनी आधी काऊन नाई सांगतलं?"

त्या दिवसानंतर त्यांनी तो प्रश्न कुणालाही विचारला नाही. उलट गावातच चुकल्याचुकल्यासारखं झालं. पोस्टातले बाबू मला म्हणाले, "तुळशीरामभाऊ बरे हायेत ना?"

सडकी तणीस उपसायला तीन दिवस लागले. ती परसात टाकली तर तिच्यावर पडवळाचा वेल माजला. माळ्याच्या फळ्या काढून, घासून, दिवाळीनंतरच्या उन्हात उभ्या करून ठेवल्या. भाऊ रोज सकाळी प्रत्येक फळीवर ठकठक करत. त्यांना ऐकू काय येत असेल देव जाणे, पण पेरांना कळत असावं. "ओली हाये," म्हणून ते फळी परत उन्हात ठेवत.

आता तणीस नको तर भरायचं काय, हा प्रश्न होता. तो अनसूयाबाईंनी सोडवला. त्या नवऱ्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माह्या बापाच्या घरी माळ्यावर मातीच होती," त्या म्हणाल्या. "बांबूचा तट्टा टाकाचा, वरतून माती आन धानाचा कोंडा कालवून लिपाचं. उन्हाळ्यात गार, थंडीत गरम. आन ओल आली तं माती पेते, मंग वाळून जाते. पन्नी-बिन्नी आमाले काई मालूम नोतं."

भाऊंनी बायकोकडे बघत विचार केला. "वजन?"

"तुमी आरामशीनवर काय माश्या मारल्या? द्या ना टेकू."

भाऊंनी टेकू दिले. सागाचेच. मग तट्टे अंथरले आणि कोंडा घातलेली माती तीन पातळ थरांत लिपली. एक थर पूर्ण वाळून त्याच्या भेगा बुजवल्याशिवाय दुसरा नाही. वळचणीच्या भोकांना चिंध्यांऐवजी बारीक जाळी आली, कारण हवा हवी पण उंदीर नको. आढ्याच्या दोन्ही टोकांना खिडक्या ठेवल्या, वरून पाऊस येऊ नये म्हणून टिनाच्या टोप्या बसवल्या. चुलीवर धुराडं आलं आणि ते माळ्याला न शिवता सरळ भिंतीतून बाहेर गेलं. भाऊंनी आढ्याजवळ दोऱ्याला कांद्याची साल बांधून टांगली. ती हलली की म्हणत, "चालू हाये."

रविवारी मी मदतीला जायची. खरं तर मला लिंपण येत नाही, पण मी माती पुढे सरकवून द्यायची. अशाच एका रविवारी अनसूयाबाई दळण आणायला गेल्या होत्या. भाऊ लिपता लिपता थांबले. शिडीच्या तोंडाशी जाऊन खाली कुणी नाही ना ते पाहून आले.

"मॅडम, गावाले वाटते का तुळशीराम गरमीले भेला. मी जलमभर टिनाखाली काम केलं. मले गरमी काय करते?"

मी त्यांच्याकडे तोंड करून, उजेडात, सावकाश विचारलं, "मग हे सगळं कशासाठी?"

"माहे कान जरासे कमी झाले." चोरी कबूल केल्यासारखं ते म्हणाले. "एरवी चालते. कोनाले समजत नाई. पन पावसात हे टिन असं वाजते, असं वाजते, का हिचा आवाजच जाते. चार महिने. तिचं तोंड हालताना दिसते, मी हो म्हंतो. कवा नाई म्हंतो. अंदाजानं."

"कानाचं यंत्र मिळतं ना, भाऊ."

"आनलं होतं. ब्रह्मपुरीहून. हे माळ्याचं काम काढाच्या आधी, खिळे आनाले जातो सांगून गेलतो. पावसात घालून पाह्यलं, तं पाऊसच मोठा वाजे." ते मातीचे हात गुडघ्याला पुसत राहिले. "चुना फासला तं ऊन कमी होते. पावसाचा आवाज थोडी कमी होते? लोकाइले काय सांगू? तणशीनं आवाज कमी झाला होता बरं का. पन ते सडली."

मी मातीचा आणखी एक गोळा त्यांच्याकडे सरकवला.

"हिले सांगू नोका," भाऊ म्हणाले. "तिले मालूम नाई."

तेव्हापासून माझी फार पंचाईत झाली. एकाच घरातली दोन माणसं, दोघांचं गुपित एकच, आणि ते दोघांनी एकमेकांपासून लपवायला माझ्याकडे दिलेलं. अनसूयाबाईंशी बोलताना मला भाऊंची बाजू आठवे, भाऊंशी बोलताना अनसूयाबाईंची. कुणाला काय माहीत असायला नको, हे धरून ठेवता ठेवता मी कुठलंही वाक्य अर्ध्यात सोडू लागले. नवऱ्यानं फोनवर विचारलं, "तुझं काय चाललंय? नीट बोलत का नाहीस?" मी म्हटलं, "ते अलग आहे."

उन्हाळा गेला. घर गार राहिलं, पण या वेळी भाऊंनी कुणाला धरून आणून दाखवलं नाही. ते पावसाची वाट बघत होते, आणि पाऊस आला तेव्हा पहिले कितीतरी दिवस रोज माळ्यावर चढून माती चाचपत होते. माती हाताला गार लागे, पण कोरडी. टिनाला आतून कधी थेंब आले तरी दुपारपर्यंत वाऱ्यानं सुकून जात. फळ्या स्वच्छ राहिल्या. अनसूयाबाईंचा खोकला गेला.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात सलग तीन दिवस झड लागली. सती नदीला पूर आला, रस्ता बंद, शाळा बंद. दुपारी मी त्यांचं पातेलं परत द्यायला म्हणून गेले. माझ्या घरात पावसानं नुसता कल्लोळ मांडला होता, स्वतःचा विचार स्वतःला ऐकू येत नव्हता. त्यांच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि मला वाटलं पाऊस थांबला. थांबला नव्हता. कुणीतरी लांब, दुसऱ्या आळीत सूप पाखडावं, तेवढाच त्याचा आवाज आत येत होता.

भाऊ दाराजवळ बसून सुताची दोरी वळत होते. दाराकडच्या कानात ब्रह्मपुरीचं ते यंत्र होतं. अनसूयाबाई आत चुलीकडे तोंड करून अंबाडीची भाजी निवडत होत्या. त्यांची पाठ आमच्याकडे. मी आले हे त्यांना कळलं नव्हतं. त्या आपल्याशीच बोलत होत्या. पावसात त्या नेहमीच असं बोलत असणार. कोण ऐकणार होतं?

"एवढी अंबाडी आनली," त्या पानं खुडत म्हणाल्या, "आता खाते कोन? शांता असती तं टोपलंभर घेऊन गेली असती."

शांता म्हणजे त्यांची धाकटी बहीण. माहेरच्याच बाजूला एका खेड्यात दिली होती. काही वर्षांपूर्वी ती गेली, एवढंच मला माहीत होतं.

भाऊंचे हात दोरीवर थांबले.

"शांता आंबटाची भल्ली शौकीन होती," ते म्हणाले.

अनसूयाबाई पटकन वळल्या. हातात अंबाडीचे देठ तसेच. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग वर पत्र्याकडे, मग परत नवऱ्याकडे.

"ऐकू आलं तुमाले?"

"आलं."

मग भाऊंनी दोरी खाली ठेवली.

"शांता कशी गेली, ते तू मले सांगतलं होतं," ते म्हणाले. "पावसातच. तू रडून राह्यली होती आन सांगून राह्यली होती, आन मी नुसता हो हो म्हनत होतो. मले त्यातलं काईच समजलं नोतं, अनसू. माहे कान तवाच गेलते. शांता गेली हे बी मले दुसऱ्या दिवशी तुह्या भावाकडून समजलं."

"मले मालूम हाये," अनसूयाबाई म्हणाल्या.

"कान गेल्याचं?"

"हो."

भाऊ मान खाली घालून बसले. त्यांचे कान, म्हणजे वरून दिसतात ते, लाल झाले होते.

"मंग आता सांग," ते म्हणाले. "कशी गेली ते. पयल्यापासून सांग."

अनसूयाबाईंनी अंबाडीची टोपली बाजूला सरकवली. डोळ्यांना पदर लावला. त्या उठून नवऱ्याच्या समोर गेल्या नाहीत. बसल्या होत्या तिथूनच, नेहमीच्या आवाजात सांगू लागल्या, "त्या दिवशी सकाळी तिनं बांधीत लावाले धानाचा परा उपटला होता. दुपारी जरा पडतो म्हने..."

मी पातेलं दारात ठेवलं आणि छत्री उघडली. बसा म्हणून मला कुणी म्हटलं नाही.